छबुबाईच्या चाळीस गाठी

आमच्या देवळात क्रुसाच्या उजव्या हाताला खिळ्यावर एक दोरी टांगलेली असायची. पाहुणे विचारत, ही कशाची? मी 'छबुबाईची' एवढं सांगून बाजूला होत असे. पुढचं नीट सांगता येईल याची मला खात्री नसायची. आता ती दोरी राहिली नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही राहिले नाहीत, म्हणून जमेल तसं लिहितो. मी स्वतः यातलं काही पाहिलेलं नाही. माझे आजोबा आश्रुबा त्या दिवशी तिथं होते, तेही मटणाच्या पातेल्याजवळ. त्यांनी सांगितलं तसं लिहितो.

निजामाचा अमल होता. पाटोद्यापासून दोन कोसांवर आमची बारा घरांची वस्ती. घायपाताचा वाख काढायचा, त्याचे दोर आणि कासरे वळायचे, बाजारात विकायचे, हा धंदा. वस्तीनं ख्रिस्ताचा धर्म घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. फादर ऑगुस्त लांब औरंगाबादेकडून घोड्यावर येत, वर्षातून तीनदा किंवा चारदा. बायका त्यांना आगस्तीबाबा म्हणत आणि त्यांनाही ते आवडायचं. एरवी सगळा कारभार मिशनच्या सुंदरराव मास्तरांकडे. सहा गावं आणि पायी फिरणं, त्यामुळे मास्तर आमच्या वाट्याला थोडेच यायचे.

छबुबाई आजोबांच्या चुलतभावाची, धुळाजीची, बायको. पन्नाशीची, काटकुळी. तिनं वळलेल्या कासऱ्याबद्दल कुणबी म्हणायचे, "बैल तुटंल, कासरा न्हाई तुटायचा." पण प्रार्थना तिच्या डोक्यात राहत नसे. 'आमच्या स्वर्गातील बापा' असं झकास सुरू करायची आणि तिसऱ्या ओळीला जात्यावरच्या ओवीत शिरायची. दोन वर्षं फादरांनी परीक्षा घेतली, दोन्ही वेळा ओवीच निघाली. म्हणून तिचा बाप्तिस्मा राहिला होता.

धुळाजीचा मात्र शेवटच्या आजारात झाला होता. मिशनच्या जागेत लिंबाखाली त्याला पुरलं होतं, आणि ती जागा फक्त बाप्तिस्मा झालेल्यांची.

"मी मेल्यावर मला कुठं टाकताल?" छबुबाई मास्तरांना विचारायची. "त्येच्या शेजारी एका माणसाची जागा हाय. मी पावलानं मोजून आलेय."

त्या नाताळाला फादर तिला म्हणाले, "छबुबाई, प्रार्थना राहू दे. येशूच्या मरणाआधीचे चाळीस उपास तुझ्या हाती देतो. तू पाळ, वस्तीकडून पाळून घे. नीट झालं तर पुनरुत्थानाच्या सणाला तुझा बाप्तिस्मा."

राखेच्या बुधवारी मास्तर आले. सगळ्यांच्या कपाळाला राख लावली आणि म्हणाले, "आजपासून चाळीस दिवस. मटण नाही, जेवण एक वेळ. मग येशू उठला त्याचा सण, ऐतवारी." एवढं सांगून ते पुढच्या गावाला गेले.

छबुबाईनं एक नवी दोरी वळली आणि त्याच संध्याकाळी तिला पहिली गाठ मारली. रोज एक गाठ. गाठ मारायची आणि मग बारा घरांच्या चुली हुंगत फिरायची. आजोबा बाजाराहून आले की त्यांना दारातच अडवायची.

"तोंड उघड, आश्रुबा."

"वहिनी, मी काय लेकरू हाय का?"

"लेकरू असतास तर भरवसा ठिवला असता. उघड."

"वांगं खाल्लंय, वांगं!"

"वांग्याला कवापासून हाडूक असतंय बे?"

आजोबा सांगायचे, हाडूक नव्हतंच, बाईनं अंदाजानं दगड मारला. पण लागला, हेही ते कबूल करायचे. त्या काळी तहसिलीला सुट्टी जुम्म्याची. त्या दिवशी पाटोद्याला गेलं की कचेरीतल्या लोकांच्या घरून फोडणीचा वास यायचा, आणि आमच्याकडे शुक्रवार तर आणखीच कडक. आजोबा म्हणायचे, एका वाऱ्यानं दोन धर्म सांभाळायचे म्हणजे लई अवघड.

असं करता करता चाळिसावी गाठ आली, आणि ती आली बरोबर ऐतवारी. पहाटेच छबुबाई त्या दिवसाची गाठ मारून, दोरी घेऊन लिंबाखाली बसली. तिनं चार वेळा मोजली. चाळीसच.

शेजारची केसरबाई म्हणाली, "आजचा दीस बी उपासातच धरायचा. चाळीस भरू दे. सण उद्या."

"उद्या सोमवार," आजोबा म्हणाले. "येशू ऐतवारी उठला का सोमवारी?"

"ऐतवारी."

"मग आज कोण वार हाय?"

छबुबाईनं परत एकदा गाठी मोजल्या आणि आकाशाकडे पाहिलं. तिला वाटलं, गाठ आणि वार असे नेमके जुळून आले म्हणजे वरूनच हुकूम झाला. "काप बोकड," ती म्हणाली. आजोबांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. सुरी सकाळपासूनच पाजळून ठेवली होती, हे मात्र ते फार पुढं, म्हातारपणी बोलले.

दुपारी हलगी वाजू लागली. पोरी नाचत होत्या. आजोबांची दुसरी वाटी चालू होती, आणि तेवढ्यात ओढ्याकडून फादर आणि मास्तर येताना दिसले. फादर शनिवारीच पोचणार होते, पण मांजरसुंब्याच्या घाटात घोडा लंगडला. सकाळची मिस्सा, म्हणजे ऐतवारची उपासना, त्यांनी वाटेतल्या गावात केली आणि घोडा हातानं ओढत आले. खोगिराला शिंदीच्या हिरव्या झावळ्या बांधलेल्या. त्यांनी हलगी ऐकली, वास घेतला आणि जागीच थांबले.

"आज काय आहे?"

आजोबा वाटीसकट पुढं झाले. "बाबा, येशू उठला!"

फादरांनी मास्तरांकडे पाहिलं, मग आजोबांच्या वाटीकडे. "अरे बाबा," ते म्हणाले, "तो अजून मेलासुद्धा नाही!"

हलगी थांबली. मास्तर घाम पुसत म्हणाले, "आज झावळ्यांचा ऐतवार. येशू आज यरुशलेमात येतोय. शुक्रवारी मरणार, मग पुढच्या ऐतवारी उठणार. सण आठ दिवसांनी आहे!"

"मग हे कोण उठलंय?" केसरबाईनं विचारलं. कोणी हसलं नाही. सगळे छबुबाईकडे बघत होते.

छबुबाई पातेल्यामागं पळी धरून उभी होती. तिला लिंबाखालची मोजलेली जागा हातची गेल्यासारखी वाटली. पण ती लपली नाही. घरात जाऊन खुंटीची दोरी काढून आणली आणि फादरांपुढं धरली.

"मोजा, बाबा. चाळीस हाईत. एक बी कमी न्हाई. आणिक मी बी खाल्लंय. मिठासाठी चाखलं, मंग बसून खाल्लं. खोटं कावून बोलू?"

फादर झाडाखाली बसले आणि मोजू लागले. चाळीस. मग विचारलं, "यातल्या ऐतवारच्या गाठी कोणत्या?"

तिनं एकेक दाखवली. पाचवी, बारावी, अशा करत शेवटची आजची. फादर नखानं पहिली सोडवू लागले. सुटेना. दात लावले. दातांनीही सुटेना.

"द्या हिकडं," छबुबाई म्हणाली. "तुमच्यानं न्हाई व्हायचं." आणि मग डोळ्यांतलं पाणी लुगड्याच्या पदराला पुसत तिनं स्वतःच सहा गाठी सोडल्या. तिला वाटत होतं, बाबा आपले उपास आपल्याच हातानं मोडायला लावतायत.

"किती राहिल्या?"

"चौतीस."

"ऐतवार उपासात धरत नाहीत," फादर म्हणाले. "ऐतवार हा देवाच्या आनंदाचा दिवस. त्या दिवशी जेवलेलं चालतं. पाच ऐतवार तुम्ही उगाच उपाशी राहिलात आणि सहाव्याला जेवलात. उपास कोणाचाच मोडला नाही. चौतीस झाले, सहा उरले. सोमवारपासून बांध."

छबुबाईला समजायला थोडा वेळ लागला. मास्तरांना आधी समजलं. ते खाली बघत म्हणाले, "फादर, ऐतवारचं मीच सांगायचं विसरलो."

आजोबांनी मात्र भलतंच धरलं. "म्हंजी दर ऐतवारी चाललं असतं? पाच ऐतवार, वहिनी! पाच!" पुढं मरेपर्यंत ते हे पाच ऐतवार मोजून दाखवायचे.

फादरांनी हातपाय धुतले आणि पंगतीत बसले. छबुबाईनं वाढलं. उन्हं कलल्यावर सगळ्यांनी झावळ्या घेऊन वस्तीला फेरी मारली. ढेकरा देत मारली, असं आजोबा सांगायचे.

पुढचे सहा दिवस म्हणे आधीच्या सगळ्यांपेक्षा जड गेले. मटणाची चव तोंडात ताजी, आणि छबुबाई दिवसातून दोनदा तोंडं हुंगायची. सणाची मिस्सा त्या काळी आदल्या दिवशी सकाळीच व्हायची, म्हणून शनिवारी सकाळी देवळात फादरांनी तिला प्रार्थना म्हणायला सांगितली. तिसऱ्या ओळीला ती ओवीत शिरली. फादरांना तेवढ्यात मोठा खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत ती आमेनपाशी पोचली होती. फादरांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि तिचं नाव मार्था ठेवलं. ओल्या केसांनिशी तिनं तिथंच चाळिसावी गाठ मारली आणि दोरी क्रुसाशेजारी टांगली. मार्था कोणी म्हटलं नाही, ती छबुबाईच राहिली.

त्यानंतर दरवर्षी ती नवी दोरी वळायची. रोजची गाठ, आणि ऐतवारी गाठ न मारता लाल लुगड्याची चिंधी. आजोबांची नजर चिंध्यांवर असायची.

नऊ वर्षांनी ती गेली. लिंबाखाली धुळाजीच्या शेजारी आजोबांनी स्वतः खणलं. तिनं पावलानं मोजलेली जागा बरोबर पुरली, चार बोटंसुद्धा इकडे-तिकडे झाली नाहीत. आजोबांनी कुदळ टेकली.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्यावेळेस मोजणी बरोबर आली बघ."