खिडकीतला पंचा

आज सकाळी आमच्या गावच्या थांब्यावर एका म्हाताऱ्याने एसटीच्या खिडकीतून आपली टोपी आत टाकली आणि मुलीसाठी जागा धरली. मुलगी गर्दीतून कशीबशी तिथवर पोचली.

"आता टोपी दे की, का बोडकाच जाऊ घरी?" तो खालून ओरडला.

"राहू द्या बाबा, टोपीला शहर दाखवून सांजच्याला परत आणतो," कंडक्टर म्हणाला. सगळे हसले.

माझे अण्णा असाच पंचा टाकत. शहरात नोकरी लागली तेव्हा तिथेच खोली घ्यायचं मी ठरवलं होतं. पण आई गेली, अण्णा एकटे उरले, आणि मी रोज जाऊन-येऊन करू लागले. जागेवर बसले की मी पंचा खिडकीतून खाली द्यायचे. ते तो झटकून खांद्यावर टाकत आणि गाडी वळेपर्यंत उभे राहत. आमच्यात निरोप म्हणून तेवढंच होतं.

या हिवाळ्यात अण्णाही गेले.

"आता तिकडंच राहा गं," शेजारच्या काकू म्हणतात. पण तिकडे ऑफिस सुटल्यावर मला ओळखणारं कोणी नाही, आणि इकडे नुसतं कुलूप आहे. मी सवयीने गाडी पकडते.

हल्ली मी माझाच रुमाल खिडकीतून टाकते, आणि धावत आत जाऊन तो उचलून बसते. जागा मिळते. गाडी सुटते तेव्हा रुमाल माझ्याच हातात असतो. खाली तो घ्यायला कोणी नसतं.