नावामागची रिकामी जागा

ओंदिना रापालोला आमच्या गावात सगळे कॉलरवाली म्हणायचे. शर्टांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं तिने नुसत्या कॉलरी तपासल्या. कारखाना बंद पडला तेव्हा तिचं वय सत्तेचाळीस. वाचनालयात दर शनिवारी संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला शिकवतात असं कळलं आणि हिने जाऊन नाव घातलं. वर्गात बाकी सगळी कॉलेजातली पोरं.

वर्गाचा मास्तर रेनान तिला मानाने दोन्या, म्हणजे बाई, म्हणायचा आणि सांगायचा, "दोन्या ओंदिना, संगणकाला शब्द कळत नाही. त्याला अक्षरांची माळ दिसते. एक मणी बदलला की त्याच्या लेखी ती माळच वेगळी."

ती ते वहीत उतरवून घ्यायची. मी दिल्सिया, तिची शेजारीण, शाळेत शिकवते. खरं सांगायचं तर मला ते तिचे रिकामपणाचे उद्योग वाटायचे.

मग नोव्हेंबरात लागोपाठ दोन वादळं आली. दुसऱ्या वादळात उलुआ नदीने बांध फोडला आणि खालचे सगळे केळीमळे, मजुरांच्या वस्त्यांसकट, पाण्याखाली गेले. माणसं मिळेल त्या होडीतून, मिळेल त्या ट्रकमधून निघाली. नवरा एका गावात, बायको दुसऱ्या. आमच्या शाळेत चारशे माणसं होती. अशा चौदा जागा होत्या, कुठे शाळा, कुठे चर्च. लोक चिखल तुडवत एका जागेहून दुसऱ्या जागी जायचे आणि भिंतीवर चिकटवलेल्या याद्या बोटाने वाचायचे. वाचता न येणारे दुसऱ्याला वाचायला लावायचे.

तिसऱ्या दिवशी ओंदिना मला म्हणाली, "दिल्सिया, बाकीच्या तेराही जागांच्या टाईप केलेल्या याद्या फोनवर मागवून घे. हरवलेल्यांची यादी आपण इथे करू. दोन याद्या समोरासमोर ठेवून जुळणारी नावं काढणं, एवढं मला येतं."

"नक्की येतं ना?"

"वर्गात फळांची नावं जुळवली होती," ती म्हणाली.

शाळेच्या जुन्या संगणकाला जनरेटर जोडला आणि हरवलेल्यांची यादी जवळजवळ सगळी मीच टाईप केली. लोक रांगेत उभे राहून नावं सांगत होते. रांगेत ओस्मान होता, सात नंबरच्या मळ्यावरचा फवारणीवाला. "आई. कासिल्दा सूनिगा. वय त्र्याहत्तर," तो म्हणाला. "मी कामावर होतो हो बाई. घरी ती एकटीच होती." नाव नीट ऐकू आलं का, हे त्याने दोनदा विचारलं.

एकूण दोनशे बारा नावं झाली. बाकीच्या याद्या फोनवरून त्याच संगणकात घेतल्या. ओंदिनाने वही मांडीवर उघडून सकाळभर एकेक ओळ लिहिली. दुपारी तिने प्रोग्रॅम चालवला. दोनशे बारांपैकी जुळली नऊ.

ओंदिनाचा चेहरा उतरला. "थांब गं, वाचू नकोस. हे बरोबर वाटत नाहीये मला."

पण दाराशी शंभर माणसं अडीच तास उभी होती. मी कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले. नऊ घरांत रडारड झाली, आनंदाची. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओस्मान पुढे आला.

"आणि आई?"

"सापडली नाही," मी म्हणाले. कागदावर तिच्या नावापुढे तेच शब्द छापलेले होते.

"म्हणजे ती घरीच आहे. छपरावर असेल."

"अरे थांब, अजून एकदा बघते मी," ओंदिना आतून ओरडली.

"तुमच्या मशीनने बघितलं ना दोन्या? आता मी बघतो," असं म्हणून तो गेला. बांधाशी एकाची होडी होती, तीच त्याने घेतली. तिचं इंजिन धड चालत नव्हतं. पाणी तर अजून चढत होतं.

ओंदिना खुर्चीत परत बसली. नऊ नावं जुळली याचा अर्थ प्रोग्रॅम चालत होता. मग बाकीची का नाहीत? रेनानला फोन लागेना. शेवटी तिने एकच नाव घेतलं, कासिल्दाचं, आणि त्याची लांबी किती ते संगणकाला विचारलं. संगणक म्हणाला पंधरा. तिने बोटांवर मोजलं. स्पॅनिशमध्ये कासिल्दा सात अक्षरं, मधली मोकळी जागा एक, सूनिगा सहा. चौदा.

"दिल्सिया, हा पंधरावा मणी कुठला?"

तिने नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घालून ते छापलं. शेवटच्या चिन्हाआधी एक फट दिसली. नाव संपल्यावर कुणीतरी एक रिकामी जागा टाईप केली होती.

कुणीतरी कसली, मीच. प्रत्येक नाव लिहून झालं की माझा अंगठा सवयीने त्या लांब बटणावर पडतो. जुळलेली ती नऊ नावं मी पाणी प्यायला उठले तेव्हा शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी लिहिलेली.

"दोन शर्ट वरून सारखेच दिसतात," ओंदिना स्वतःशी पुटपुटली, "आतून उलटवून बघायला हवं होतं मी." तिने सगळ्या नावांच्या मागच्यापुढच्या रिकाम्या जागा छाटल्या. बावन्न जुळली. कासिल्दा नाहीच.

मग तिला दिसलं की काही गावांनी सगळी नावं मोठ्या, कॅपिटल अक्षरांत लिहिली आहेत. तिने दोन्हीकडची सगळी अक्षरं लहान केली. एकशे सात जुळली. कासिल्दा अजून नाहीच. जनरेटरमध्ये तासाभराचं तेल उरलं होतं.

"सूनिगा कसं लिहिलंस तू?" तिने विचारलं.

"ओस्मानने सांगितलं तसं. साधा न."

"आणि त्या लोकांनी न वर रेघ दिली असेल तर? सून्यिगा?" आमच्याकडे निम्मे लोक असं लिहितात आणि निम्मे तसं, एकाच घरातले भाऊसुद्धा. संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं. तिने रेघेचा न सगळीकडे साधा केला, अक्षरांवरच्या आघाताच्या खुणाही पुसल्या, आणि पुन्हा चालवलं.

कासिल्दा सून्यिगा. टेकडीवरच्या चर्चचं सभागृह. यादीत एकेचाळिसावी.

मी दाराकडे धावले. ओंदिनाने माझा दंड धरला. "आधी फोन कर. या नावाची दुसरी बाई असली तर? आज एकदा चुकीचं सांगून बसलोय आपण."

फोनवर वय विचारलं, मळ्याचा नंबर विचारला, मुलाचं नाव विचारलं. पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "ओस्मान जेवला का?"

आम्ही बांधापर्यंत पळत गेलो. होडी जाऊन दोन तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या ट्रकमधून कासिल्दा आमच्या शाळेत आली. ठेंगणी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ओंदिना तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि जे झालं ते सगळं सांगून टाकलं. रिकामी जागा, न वरची रेघ, काही लपवलं नाही. माझं नाव मात्र घेतलं नाही. ते मी घेतलं.

म्हातारीने ऐकून घेतलं. "मला सहीसुद्धा येत नाही, बायांनो. माझं नाव कोण कसं लिहितं मला काय ठाऊक? माझा पोरगा कुठंय तेवढं सांगा."

ते आम्हाला सांगता येत नव्हतं. ती बांधाकडे तोंड करून बसली. ओंदिनाने तिला बीन्स आणि तोर्तिया, आमच्या मक्याच्या पोळ्या, आणून दिल्या. तिने अर्धी तोर्तिया ओस्मानसाठी म्हणून पदरच्या फडक्यात बांधून ठेवली. तो आख्खा दिवस तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सैन्याच्या होडीने ओस्मानला आणलं. इंजिन बंद पडून तो पॅकिंग शेडच्या पत्र्यावर अडकला होता. पत्र्याने उजवं पाऊल चिरलं होतं, त्यात घाण पाणी गेलेलं. आईला बघून तो ओरडला, "कुठं होतीस गं तू?"

"मी जिवंत माणसांत होते," ती म्हणाली. "तू कुठं मरायला गेलेलास?" आणि मग त्याचं डोकं छातीशी धरून रडली.

त्याच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. आता तो फवारणीचा पंप उचलत नाही, केळीच्या घडांच्या मोजणीवर बसतो. वाटेत भेटला की माझ्याशी बोलतो, हसतो. मला मात्र त्याच्या बुटाकडे न बघता बोलायला अजून जमत नाही.

त्याच आठवड्यात ओंदिनाने प्रोग्रॅममधून 'सापडली नाही' हे शब्द काढून टाकले. त्या जागी आता 'हे नाव या याद्यांत असं लिहिलेलं नाही, पुन्हा विचारा' असं येतं. लांबलचक आहे, रेनान हसलाही. तिने बदललं नाही. पुढे नगरपालिकेने तिला याद्यांच्या कामावर घेतलं.

दोनशे बारांतली दोनशे एक माणसं मिळाली. अकरा नाहीत. ती नावं ओंदिनाला पाठ आहेत. कुठून नवी यादी आली, मतदारांची, दवाखान्याची, कसलीही, की ती आधी ती अकरा नावं चालवून बघते. एकेक अक्षर बदलून, रेघ देऊन, रेघ काढून. मी शेजारी बसून वाचून दाखवते. टाईप तीच करते.