बकुळची आठशे मीटर

दिल्लीत आशियाई स्पर्धा भरणार होत्या आणि घरच्या मैदानावर आपल्याला किती पदकं मिळतील, याचे अंदाज वर्तमानपत्रं रोज बांधत होती. आठशे मीटरसाठी त्यांनी काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या बकुळ शेवडेचंही नाव घेतलं होतं. पण सरावाचं शिबिर चालू असतानाच तिच्या वडिलांना, नानांना, अर्धांगवायू झाला. आईला एकटीला ते उचलवेनात. बकुळ घरी आली ती राहिलीच.

शर्यतीच्या दिवशी सगळी गल्ली शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर जमली. बकुळनं नानांना पेज भरवली आणि आईला म्हणाली, "मी गंगापार जाऊन येते."

"आज? शर्यत नाही बघायची?"

"मला बघवणार नाही, आई."

संकठा घाटावरून नावेनं ती पलीकडच्या रेतीवर उतरली. चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि छाती फुटेस्तोवर धावली. पाय रुतत होते, तरी शेवटचं वळण तिनं शिबिरात शिकवल्यासारखंच घेतलं.

घरी आली तेव्हा नाना जागे होते. तिचा लालबुंद चेहरा पाहून जड जिभेनं त्यांनी विचारलं, "कितवी आलीस?"

"एकटीच होते, नाना."

त्यांनी आपला चांगला हात पुढे केला. तो धरून ती बराच वेळ खाटेपाशी बसून राहिली.