युलालिया कोण?

आज आगाशीजवळच्या आमच्या चर्चमध्ये भाचीच्या बाप्तिस्म्याला विझलेल्या मेणबत्तीचा वास आला, आणि तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा बाप्तिस्मा आठवला. आमच्या घरात दुसऱ्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात. पप्पांनी मात्र ऐनवेळी सांगितलं, "युलालिया."

मम्मीने वळून पाहिलं. "ही कोण?"

फादर कौतुकाने म्हणाले, "जुनं ग्रीक नाव. गोड बोलणारी. या नावाची एक कोवळी मुलगी श्रद्धेपायी मारली गेली, संत झाली."

"ते ठीक," मम्मी पप्पांना हळूच म्हणाली, "पण तुम्हाला ती कुठे भेटली?"

पप्पा मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखाने खरवडत राहिले. मला तेव्हा हसू आलं होतं. घरी मम्मी तिला कायम बेबीच म्हणत राहिली.

आता पप्पा नाहीत. आज फादरनी बाळाच्या आईचं नाव विचारलं, तर मम्मीच पुढे होऊन म्हणाली, "बेबी."