साडूसाठी लावलेला गिझर

साडूवर सूड उगवायचा, हे मी ज्या दिवशी ठरवलं, त्या दिवशी माझ्या अंगावर फक्त टॉवेल होता. अकोल्याच्या जुन्या शहरात माझी सासुरवाडी. मेहुण्याचं लग्न होतं, घरात पाहुणे मावत नव्हते आणि मी आंघोळीला शिरलो होतो.

आमच्या अमरावतीच्या घरी गिझरचं गोल बटण मधोमध असतं. तिथे बायकोनं नेलपॉलिशची लाल रेघ ओढून ठेवली आहे. त्या रेघेवर पाणी असं येतं की बादली भरली, तांब्या घेतला, आंघोळ सुरू. अकोल्याची पद्धत वेगळी. तिथे बटण पार शेवटपर्यंत पिळायचं, अर्धी बादली कढत पाणी काढायचं आणि मग बेतानं गार पाणी मिसळायचं. हे वरून मिसळायचं गार पाणी म्हणजे इसन. मी सवयीनं इसन न घेताच पहिला तांब्या खांद्यावर रिकामा केला. त्यानंतर माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो बाहेर बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्यानंही ऐकला म्हणे.

दार उघडलं तर समोर साडू उभे. हे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. अकोल्यात कृषी केंद्र चालवतात. दिवसभर शेतकऱ्यांशी बोलून आवाज असा झाला आहे की कानात सांगितलेलंही चौकात ऐकू जातं.

"काय झालं भाऊ? साप निंगाला काय?"

"पाणी..." मी एवढंच म्हणू शकलो.

"पानी तं ऊनच राहते बाप्पा. इसन नाही घेतलं?" आणि मग मांडवाकडे वळून, "आमचे अमरावतीवाले जावई कोमट हायेत."

झालं. त्या दिवसापासून सासुरवाडीत मी कोमट. पोरं मला कोमट मावसाजी म्हणायची. सासूबाई पंगतीत सुनेला सांगायच्या, "यायले वरन कोमटच वाढजो वं." मी हसायचो. हसणाऱ्या माणसाच्या पोटात काय शिजत असतं, हे बघायला कोणी येत नाही.

बरीच वर्षं शिजलं. मग माझ्या मुलीचं जमलं. स्थळ परतवाड्याचं, व्याही लाकडाचे व्यापारी, मिशा भारी, बोलणं मोजकं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याच घरी ठरलं आणि साडू आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला येणार असल्याचं कळलं. हा माणूस व्याह्यांसमोर तोंड उघडणार. मुलीच्या सासरीही मी कोमट होणार, उद्या नातवंडं झाली की कोमट आजोबा. ते नाव अकोल्यातच रोखायला हवं होतं आणि त्यासाठी साडूंचं तोंड बंद करायला हवं होतं.

उपाय गिझरनंच सुचवला. साडूंचा हात ठरलेला. अर्धी बादली गिझरचं, अर्धी बादली नळाचं, मध्ये बोट घालून बघणं नाही. मी बटण अगदी खालच्या टोकाला नेऊन ठेवलं तर? जानेवारीतली सकाळ, टाकीतलं पाणी बर्फासारखं, वर त्यात हे अर्धी बादली इसन घालणार. दात वाजवत बाहेर आले की मी सगळ्यांसमोर विचारणार, काय झालं भाऊ, साप निघाला काय?

बटण फिरवताना बायकोनं पाहिलं.

"अहो, गिझरले हात कावून लावून राहिले?"

"पाहुणे हायेत, तपासून राहिलो."

"तुमी तपासलं का मले भेव वाटते," म्हणाली आणि गेली.

सकाळी साडू आत शिरले. मी वर्तमानपत्र उलटं धरून दाराशी उभा. आतून गाणं ऐकू आलं. मग आणखी एक गाणं. किंकाळी नाही, शिवी नाही, दातांचा आवाज नाही. शेवटी साडू बाहेर आले ते नुकत्या उघडलेल्या कुकरसारखे, अंगातून वाफा निघत होत्या.

"झक्कास पानी होतं, भाऊ."

मला काही उमजेना. माणसाची कातडी आहे की म्हशीची, हा विचार करतो आहे तोच बाहेर जीप थांबली. व्याही वेळेआधीच आले. बायकोनं मला मोरीत ढकललंच. मी हिशेब केला. बटण खाली, त्यात साडूंनी होतं नव्हतं ते पाणी उपसलेलं, तेव्हा इसन घ्यायचा प्रश्नच नाही. चष्मा बाहेर राहिला होता, पण बघायचं काय होतं? बटण मीच तर लावलं होतं. पहिला तांब्या घेतला, त्याच खांद्यावर.

मोरी आणि बैठकीची खोली यांच्यात आमच्याकडे एकच भिंत आहे. माझा आवाज विरला तेव्हा पलीकडे बशीवर कप ठेवल्याचं ऐकू आलं. मी स्टुलावर चढून, नाक गिझरला लावून पाहिलं. बटण लाल रेघ ओलांडून पार वरच्या टोकाला. आंघोळीला शिरल्यावर साडू आधी बटण बघतात, ही गोष्ट माझ्या योजनेत नव्हती. त्यांनी ते पिळलं होतं आणि जाताना माझ्यासाठी तसंच ठेवलं होतं.

नवा कुडता घालून, लाल मान घेऊन बैठकीत गेलो.

"काय झालं जी?" व्याह्यांनी विचारलं.

साडूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. ते नाव त्यांच्या ओठांवर येऊन बसलेलं मला दिसत होतं.

"काही नाही इवाईबुवा. आमचे साडूभाऊ कढत पान्यानं आंघोळ करतात. इसन घेतच नाहीत. पयला तांब्या घेतला का अशी ललकारी देतात. लहानपनची सवय हाय त्याइची."

व्याह्यांनी माझ्याकडे वर-खाली पाहिलं. "जुनं हाड हाय," म्हणाले. दारात बायकोनं पदर तोंडाशी नेला.

साडूंनी मला वाचवलं असं मला दुपारपर्यंत वाटत होतं. निघताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला, नेमका भाजलेल्या. "आता परतवाड्याले गेले का समजन तुमाले."

समजलं. परतवाड्याला गेलो तर व्याह्यांनी अंगणात चूल पेटवलेली. लाकडाला त्या घरात काय तोटा? हंड्यात पाणी उकळत होतं. कोणी गार पाण्याची बादली आणली तर व्याह्यांनी हटकलं, "यायले इसन चालत नाही." मग घरातले सगळे मोरीबाहेर माझी ललकारी ऐकायला थांबले. मी आत पाटावर बसून पाण्यावर फुंकर मारत राहिलो. एक खोटी ललकारी दिली, केस ओले केले आणि बाहेर आलो. व्याही खूश. दर खेपेला हेच.

आता लग्न परतवाड्यालाच आहे, तेही ऐन थंडीत, आणि साडूंची उतरायची सोय व्याह्यांच्या घरी. काल मी व्याह्यांना फोन केला. म्हटलं, अकोल्याची माणसं उन्हानं अशी भाजलेली असतात की भर थंडीतही रात्रभर अंगणात ठेवलेल्या पाण्यानंच आंघोळ करतात. गरम पाणी दिलं तर मनाला लावून घेतात.

"काही कायजी करू नका," व्याही म्हणाले. "त्याइचं पानी मी सोता काढून देईन."