चौरस्ता बँड आणि न फोडलेली पत्रं

“दीड तासाच्या माहितीपटासाठी साडेपाचशे किलोमीटर?” नवऱ्यानं विचारलं. मी बॅग भरत राहिले. माहितीपट होता ‘चौरस्ता’वर: सिकंदराबादजवळच्या काचीगुड्यातल्या चार पोरांचा बँड, मराठी गाण्यांत बिनधास्त दखनी उर्दू मिसळणारा. अंबरपेठेला मावशीकडे गणपतीत त्यांना ऐकलं आणि मी पार खुळावले. सतराव्या वर्षी कानावर आलं की बँड मोडला. गायक विनायक यांना चार पानी पत्र लिहिलं: काही झालं तरी गाणं सोडू नका. उत्तर आलं नाही. तो राग मी पंचवीस वर्षं नीट जपला होता.

पुण्याहून सकाळची गाडी धरा, दुपारी सिकंदराबादला उतरता. रिक्षावाल्यानं काचीगुड्याचे तीनशे सांगितले, दोनशेवर आला. स्टेशनसमोरचे लॉज बरे आहेत. खोलीत गाड्यांच्या घोषणा ऐकू येतात, तेवढं चालवून घ्या. संध्याकाळी अंबरपेठेला जाऊन आले. मावशी आता नाही, तिच्या घराच्या जागी कपड्यांचं दुकान आहे. समोरच्या गाड्यावर मिरची भजी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, ते सगळं मिरचीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला एका छोट्या सभागृहात खेळ होता. माहितीपट मनापासून आवडला. उगाच कुणाला मोठं केलेलं नाही. गच्चीवरच्या तालमी, खरखरणाऱ्या कॅसेटी, चौघांनी केलेली एकमेकांची टिंगल. मी प्रत्येक गाणं ओठांतल्या ओठांत म्हणत होते.

मग पडद्यावर विनायकरावांनी कपाट उघडून पत्रांचा गठ्ठा काढला. “पाचवीतच शाळा सुटली, ती पण तेलुगू. मराठी नुस्तं बोलता येतं. आई गाणी सांगायची, मी तेलुगूत उतरवून घ्यायचो. लोकांची पत्रं पण तीच वाचायची. आई गेली, मंग गाणं पण गेलं. नंतरची पत्रं फोडलीच नाही. मराठी गाणारा माणूस, कुणाला वाचून दाखव बोलायचं कसं?”

विनायकराव खेळाला आलेच होते; संपल्यावर त्यांना गाठलं आणि पत्राचं सांगितलं. ते मागच्याच गल्लीतल्या घरी घेऊन गेले. गठ्ठ्यात माझं पाकीट निघालं, बंदच. मी फोडलं आणि वाचून दाखवलं. ‘गाणं सोडू नका’पाशी त्यांनी मला थांबवलं.

“तवा सगळे बोलले, गाणं सोड, दुकानात बस. हे कोणीच बोललं नै,” म्हणाले. मग हळूच, “तेवढंच परत वाचा की.”

घरी आले ती स्वतःवरच चिडून. उत्तर आलं नाही म्हणून फुगून बसले, दुसरं पत्र टाकायचं सुचलं नाही. आता दर रविवारी ते एक पाकीट फोडतात, फोटो पाठवतात आणि मी फोनवर वाचते. काल तिसरं झालं, नांदेडच्या एका बाईंचं. त्यांनी आपल्या आवडत्या गाण्याच्या दोन ओळी लिहिल्या होत्या. मी त्या वाचल्या आणि पुढच्या ओळी पलीकडून आल्या, चालीत. आवाज थकलेला होता, सूर हलत होता. पत्र अर्धं राहिलं. मी ऐकत बसले.