पंचेचाळीस सेकंदांत नेलिदा

फोन उचलला की ती आधी खुर्ची ओढून बसायची. पीच कापताना सुरीकडे न बघता समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. इंग्रजी शब्द आठवायचा असला की डोळे मिटायची, आणि आठवला तरी लगेच उघडायची नाही. कुणी वाट विचारली तर थेट दारापर्यंत नेऊन सोडायची. आणि रामराम, घरच्यांची विचारपूस झाल्याशिवाय कामाचं बोलायची नाही.

हे शेवटचं तिला नडलं.

नेलिदा गारेका आमच्या तारिहा शहराजवळच्या द्राक्षांच्या रोपवाटिकेत चौदा वर्षं कलमं बांधत होती. वेलींच्या रोगांवर शिकायला कॅनडातल्या एका विद्यापीठाने तिला जागा देऊ केली. अट एकच : एप्रिल संपायच्या आत इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याला बावीस गुण. पहिल्या खेपेला सोळा मिळाले. मी शेजारची, साहित्याची पदवीधर, रिकामी, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. शिकवायला मीच बसले.

त्या परीक्षेत समोर माणूस नसतो. हेडफोनमधून एक आवाज प्रश्न विचारतो, मग पंचेचाळीस सेकंद आपण बोलायचं. मी घड्याळ लावलं आणि विचारलं, "शहरात राहणं बरं की गावात?"

नेलिदा सावरून बसली. "गुड आफ्टरनून," ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही कशा आहात? आई बरी आहे ना?" आणि थांबली.

"थांबलीस का?"

"तिला बोलू दे की."

"अगं, ते यंत्र आहे!"

"आवाज तर बाईचा आहे."

"तिला आई नाहीये, नेलिदा. कुणीच नाहीये."

"अरेरे. मग तर विचारायलाच हवं."

वीस सेकंद गेले होते.

तीन महिने हेच. आम्ही तारिहाची माणसं शब्द ताणून बोलतो, कबूल. पण एवढं? एकदा मी वही फेकून घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी ती डबाभर साइसे, आमच्याकडचा तिखट खिमा, घेऊन दारात हजर. माझ्याशी बोलायच्या आधी अर्धा तास माझ्या आईशी बोलली.

मार्चअखेर एकदाची तिने थेट उत्तराला सुरुवात केली. मग मान खाली घालून म्हणाली, "लाथ मारून कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटतं, अल्बा."

"शीर," मी म्हणाले.

एप्रिलमध्ये ती सांताक्रूझला परीक्षा देऊन आली. मी तिला बसस्थानकावरच गाठलं.

"विचारपूस केली नाहीस ना?"

"एकदाही नाही."

"शेवटचा प्रश्न काय होता?"

"काम काय करता, आणि पुढे का शिकायचंय. मी कलम सांगितलं. खुंट, तिरका काप, डोळा बसवणं. पट्टी बांधायला घेतली आणि वेळ संपली."

"थोडक्यात सांगायचं होतं!"

"अर्धवट सांगितलं आणि कुणी तसंच केलं, तर वेल मरेल."

"कोण करणार? यंत्र?"



एकवीस मिळाले. जागा दुसऱ्या कुणाला गेली. विद्यापीठाचं तसं पत्र माझ्या हातात देऊन ती कामावर निघून गेली, आणि मी तशीच तिच्या ओट्यावर बसून राहिले.

पुढे का शिकायचंय, हे तिने तिथे सांगितलंच नव्हतं. नंतर मी तिला दोनदा विचारलं, आपल्याच भाषेत, घड्याळ न लावता. दोन्ही वेळा तिने पट्टीपासून सुरुवात केली. त्या 'का'पर्यंत ती अजून पोचलेली नाही.